आकारिक नोंद लिहायची कशी: बावन्नातून अडतीस

तिसरीच्या माझ्या वर्गात ३० मुलं. गेल्या वर्षी एकानं चाचणीत ५२ − ३८ = २६ लिहिलं. असली पाच गणितं, पाचही चूक. मी नोंद केली, ‘वजाबाकीचा सराव आवश्यक.’ तयार नोंदींच्या पुस्तिकेतलं वाक्य. कुणाच्याही नावापुढे चालतं, म्हणूनच कुणाच्याही कामाचं नाही.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे, म्हणजे सत्रभर शिकवता-शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाचे. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर अशी आठ साधनं. मी सगळे रकाने सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरायचे, खोटं कशाला बोलू?

आता रोज पाचच मुलं घेते, हजेरीच्या क्रमानं. मागं बसणारं गप्प पोरही त्यात सुटत नाही आणि सहा दिवसांत वर्ग होतो. उत्तर बरोबर असो की चूक, एकच विचारायचं, “कसं केलंस रे?” मग आपण गप्प बसायचं. हेच अवघड, रीत सांगायला आपली जीभ शिवशिवते.

२६ लिहिणाऱ्या त्या मुलालाही हेच विचारलं. तो म्हणाला, “बाई, दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले.” म्हणजे पोरगं नियमानंच चाललेलं, नियम तेवढा स्वतःचा. मी आइस्क्रीमच्या काड्या काढल्या. दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. “यातल्या अडतीस मला दे.” तीन गठ्ठे लगेच आले, दोन सुट्याही आल्या. मग थांबला. एका गठ्ठ्याचं रबर काढलं, सहा मोजून दिल्या. उरल्या चौदा.

नोंद तिथल्या तिथे, तारीख घालून: ‘लिहिताना मोठ्या अंकातून लहान वजा करतो, वरचा-खालचा पाहत नाही. काड्या दिल्यावर दशक स्वतः सुटा करतो. पुढे: काड्या मांडत शेजारी लिहून घेणे.’ काय केलं, कशाच्या मदतीनं, पुढे काय. ‘छान’, ‘उत्तम’ नको. चुकलेलं पान फाईलला लावायचं, खोडरबर लावू द्यायचं नाही.

एक सांभाळा. तोंडीकामात बोलक्या मुलांना नकळत जास्त गुण जातात. लाजऱ्यांना काड्या, वजनकाटा, पट्टी हातात द्या आणि हात बघा.

चाचणी मी बंद केलेली नाही, महिन्यातून एक घेते. पुढच्या चाचणीत त्यानं ६१ − २७ चं उत्तर ३४ काढलं. कडेला पेन्सिलीनं सहा गठ्ठे काढलेले, त्यातल्या एकावर फुली.