मिसमॅच दिसला तरी आधी ‘रिपेअर’ नको

माझ्या घरच्या सर्व्हरवर बाबांच्या निगेटिव्हवरून स्कॅन केलेले फोटो आहेत. ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडीवर (डिस्क एकत्र जोडणारी लिनक्सची सोय) रेड ५. म्हणजे चारही डिस्कचा मिळून एक गट, अ‍ॅरे, आणि एक डिस्क गेली तरी डेटा परत काढता यावा म्हणून डेटावरून काढलेला जादा हिशोब, पॅरिटी, त्यातच ठेवलेला. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर अ‍ॅरेची तपासणी आपोआप सुरू करतं. तपासणीनंतरचा मिसमॅच काउंट, म्हणजे डेटा आणि पॅरिटी किती ठिकाणी जुळत नाहीत तो आकडा, माझ्याकडे कायम शून्य असायचा, एका रविवारी तो २४ निघाला.

अशा वेळी हात ‘रिपेअर’कडे, म्हणजे एमडीच्या दुरुस्तीच्या आदेशाकडे जातो. तो आवरा. रेड ५ मध्ये रिपेअर चूक नेमकी कुठे आहे ते शोधत नाही. डेटा बरोबर आहे असं धरतो आणि त्यावरून पॅरिटी नव्याने लिहून टाकतो. रेड ६ मध्ये दोन पॅरिटी असूनही हेच होतं. डेटाच बिघडलेला असेल, तर त्याची शेवटची साक्षही पुसली जाते.

आधी एमडीस्टॅट, म्हणजे अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी फाइल, वाचा. चारही डिस्कसाठी ‘यू’ (डिस्क चालू) हवा. एखाद्या जागी नुसती रेघ असेल तर अ‍ॅरे आधीच एका डिस्कने लंगडा आहे, मग प्रश्न मिसमॅचचा राहत नाही. त्यानंतर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग आणि प्रत्येक डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहा. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींचे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा. ती बदला, पण जुना आकडा शून्यावर येत नाही, म्हणून तो लिहून ठेवा आणि पुढे वाढतोय का तेवढं बघा. सेक्टर वाचताच आला नाही तर एमडी बाकीच्या डिस्कवरून तो मजकूर काढून तिथे पुन्हा लिहितो, अगदी साध्या ‘चेक’मध्येही (नुसत्या तपासणीच्या आदेशात). वाचता न येणं आणि मिसमॅच ही दोन वेगळी दुखणी आहेत. मिसमॅचमध्ये सगळं नीट वाचलं जातं, फक्त हिशोब जुळत नाही.

माझ्याकडे चारही डिस्कचं स्मार्ट स्वच्छ होतं. मग मी अ‍ॅरेवरचं सगळं लिखाण बंद केलं, फाइल सिस्टीम अनमाउंट केली आणि एमडीला आदेश देण्याच्या सिंक अ‍ॅक्शन नावाच्या फाइलीत पुन्हा ‘चेक’ लिहिलं. ४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला सरासरी १५० एमबी वेगाने साडेसात तास लागतात, तेवढी वाट पाहावीच लागते. या वेळी आकडा ४० आला. तिसऱ्यांदा १६.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती खूण हीच. हा आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतात आणि प्रत्येक तपासणीच्या सुरुवातीला तो शून्यापासून धरला जातो. डिस्कवर काहीच लिहिलं गेलेलं नसताना तो दर वेळी तोच येत असेल, तर चूक खरोखर डिस्कवर बसलेली आहे. तो दर वेळी बदलत असेल, तर डिस्कपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी गडबड आहे: रॅम, कंट्रोलर, कधी वीजपुरवठा. मी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवली आणि एका रॅममध्ये चुका सापडल्या. पहिल्याच दिवशी रिपेअर केला असता, तर याच रॅममधून काढलेली चुकीची पॅरिटी चांगल्या पॅरिटीवर लिहिली गेली असती. तो विचार आजही मला अस्वस्थ करतो.

रेड १ (सगळ्या डिस्कवर तीच प्रत) वाल्यांसाठी एक गोष्ट: त्यावर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर थोडा मिसमॅच निरुपद्रवी असू शकतो. रेड ५ आणि ६ मध्ये मात्र तो हार्डवेअरचाच इशारा समजा.

डिस्क तपासणीच्या मधेच अ‍ॅरेबाहेर फेकली जात असेल, तर तिची एरर रिकव्हरीची मुदत, म्हणजे न वाचता येणाऱ्या सेक्टरवर ती किती वेळ प्रयत्न करते, ते बघा. साधी डेस्कटॉप डिस्क एका सेक्टरवर खूप वेळ झगडत राहते, कर्नल मात्र ३० सेकंदांनी कंटाळतो. स्मार्टसीटीएल या आज्ञेने ही मुदत ७ सेकंद करा. तिथे ती ७० अशी लिहायची असते, कारण मोजमाप सेकंदाच्या दहाव्या भागात आहे. डिस्कला ते जमत नसेल तर कर्नलची मुदत १८० सेकंद करा. डिस्कची वीज गेली की ही मुदत सहसा विसरली जाते, म्हणून दोन्ही सेटिंग सर्व्हर सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये टाका.

रॅम बदलल्यावर मी दोनदा चेक केला. दोन्ही वेळा ८, म्हणजे ४ केबीची एकच जागा, आता स्थिर. खराब रॅमच्या काळात ती लिहिली गेली असणार. फोटो स्कॅन करतानाच मी त्यांच्या चेकसमची (फाइल बदलली का ते ओळखायच्या खुणेची) यादी केली होती. तिच्याशी सगळे फोटो ताडून पाहिले, उरलेल्या फाइली जुन्या बॅकअपशी. सगळं जुळलं. तेव्हाच रिपेअर चालवला.

रिपेअर संपल्यावरही काउंटमध्ये ८ च दिसेल, घाबरू नका. तो दुरुस्त केलेल्या जागांचा आकडा असतो. खरं उत्तर त्यानंतरच्या चेकमध्ये मिळतं. माझ्याकडे ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: शून्य.