आषाढात चाला, जानेवारीत पळा

मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर जानेवारीत पळायचे असतील, तर पाया आषाढातच घाला. मी माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरला चालत गेले आणि दिवसभर पायांवर राहण्याची सवय तिथेच लागली.

नवे बूट नेऊ नका, महिनाभर वापरलेले हवेत. पावसात मोजे भिजले की लगेच बदला; कोरडी जोडी पिशवीत वरच ठेवा.

पुणे-सासवड टप्पा लांबलचक, त्यात दिवे घाट. चढावर पावलं आखूड टाका, कमरेतून वाकू नका. मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीला येतो, पाय पार थकलेले असताना. तिथे मला घाटातली हीच चाल कामी आली.

सासवडच्या अलीकडे टाचेला फोड आला. घाईने कातडी सोलली नि चार दिवस लंगडले. कातडी राहू द्या, धुऊन कोरडं करा, वर पट्टी लावा.

घरी आल्यावर आठवडाभर विश्रांती. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. चालण्याने चिकाटी येते, पण पळण्याचा दणका गुडघ्यांना हळूहळूच सोसवतो.