ओसाड भूखंडावर वस्तीची बाग उभारताना
वस्तीतला महापालिकेचा ओसाड भूखंड हिरवा करायचा असेल, तर रोपे आणण्याआधी एक पावसाळा तिथे पाणी कुठून येते आणि कुठे साचते हे पाहावे, कारण सारी आखणी त्यावरच ठरते. उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्यावी. उताराला आडवे चर खणून पाणी मुरवावे. पायवाटांवर सिमेंट ओतू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. मे महिन्यात दोन फूट खोल खड्डे खणून शेणखत मिसळलेली माती भरावी आणि चांगला पाऊस झाल्यावर करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ अशी देशी झाडे लावावीत; झपाट्याने पसरणारी सुबाभूळ टाळावी. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना पाणी घालावेच लागते, म्हणून त्याच्या पाळ्या लागवडीआधीच घरोघरी वाटून घ्याव्यात.