बांधकामावर अपघात झाला तर पुरावा कसा जमवावा, भरपाई कशी मागावी

आई परांचीवरून पडली तेव्हा मी नववीत होते. विजापूर रोडला एका घराचं काम चालू होतं. दवाखान्यात तिचं नाव आणि वय मुकादमानेच सांगितलं. डॉक्टरांनी कसं लागलं विचारल्यावर तोच म्हणाला, "घरात पाय घसरला." आई कण्हत होती, तिला काही कळतच नव्हतं. तेवढं वाक्य केसपेपरवर उतरलं आणि आमची सगळी वाट तिथेच बंद झाली. हजेरीच्या वहीतही तिचं नाव निघालं नाही. वडिलांच्या नावापुढे 'जोडी' असं लिहिलेलं होतं, ती जोडी म्हणजे माझी आई.

आता मी सोलापुरातच बांधकामाच्या प्रशिक्षणवर्गात शिकवते. प्रत्येक नव्या तुकडीला ओळंबा आणि पाणसळ हातात देण्याआधी पुढचं सगळं सांगते. तेच इथे लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या

मजुराची भरपाई मालकाची चूक सिद्ध करण्यावर अवलंबून नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरेसं आहे. हा हक्क १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने दिला. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तो कायदा तिच्या सातव्या प्रकरणात आला. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा, नंतरच्याला संहिता. भरपाईचा हिशेब दोन्हीत एकाच धाटणीचा आहे. संहितेत एक भर मोलाची आहे: घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, धरला जातो.

तुम्हाला पाच गोष्टी दाखवाव्या लागतात. तुम्ही तिथे कामाला होता, अपघात कामावर झाला, तुमची मजुरी किती होती, वय किती होतं आणि कमावण्याची ताकद किती गेली. यातली पहिली गोष्ट सगळ्यात अवघड असते, कारण आपल्याकडे नेमणुकीचा कागद कोणी देत नाही.

ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, नंबर असेल तर मात्र हा दावा लागू होत नाही, लाभ ईएसआयकडूनच मागायचा. मिक्सर, टिपर किंवा क्रेनने धडक दिली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्गही खुला असतो. दोन्हींपैकी एकच निवडता येतो आणि मोटार दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकिलाला लगेच विचारा.

दवाखान्यात पोचताच

जखमी माणसासोबत घरचं किंवा विश्वासातलं एक माणूस गेलंच पाहिजे. 'कसं लागलं' याचं उत्तर त्या माणसाने द्यावं. कुठल्या कामावर, कितव्या मजल्यावरून, काय करताना पडला, हे स्पष्ट सांगावं: "होटगी रोडच्या साइटवर दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग खोलताना फळी निसटली." डॉक्टर लिहितात ते वाचून घ्या. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. खर्च ठेकेदार करतोय म्हणून त्याला वाईट वाटू नये, असं पुष्कळांना वाटतं. त्याने बिल भरणं ही कायद्याने त्याच्यावर असलेलीच जबाबदारी आहे, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरपाईपेक्षा वेगळा मिळतो. त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या अपघाताची दवाखान्यातली नोंद, करायला सांगा. सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, ती सहसा होतेच. खासगी दवाखान्यात आग्रह धरावा लागतो. एमएलसी झाली की पोलिसांना खबर जाते आणि पोलीस जबाब घ्यायला येतात.

जबाबाबद्दल सोलापुरात एक गोष्ट जास्त जपावी लागते. आपल्या साइटवर तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी सगळं चालतं आणि जबाब मात्र मराठीत लिहिला जातो. इंडी-विजापूरकडून आलेल्या मजुराला तो वाचताच येत नाही. कन्नड येणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला बोलावून घ्या, लिहिलेलं त्याच्याकडून समजून घ्या, मगच सही किंवा अंगठा द्या. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. भारतीय न्याय संहितेत बांधकाम करताना किंवा पाडताना निष्काळजीपणा केल्याबद्दल वेगळं कलम आहे, २९०. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही, पण पंचनामा झालेला असला तर फार उपयोगी पडतो.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं यांच्या मूळ प्रती स्वतःकडे ठेवा. ठेकेदाराने मागितल्या तर झेरॉक्स द्या. 'फाइल माझ्याकडे राहू दे, क्लेमला लागेल' असं सांगून नेलेली फाइल परत येत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

साइटवर, त्याच दिवशी

दुसऱ्या दिवशी परांची नीट बांधलेली असते आणि उघड्या डक्टवर फळ्या पडलेल्या असतात. म्हणून फोटो त्याच दिवशी. तुटलेली फळी, सुटलेली दोरी, जमिनीवरची जागा, लांबून पूर्ण इमारत. मोबाइलवर स्वतः बोलत व्हिडिओ काढा: तारीख, वेळ, जागा सांगत. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे फोटो-व्हिडिओसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातं.

फाटकावरच्या फलकाचा फोटो विसरू नका. त्यावर बिल्डरचं नाव, महारेरा (बांधकाम प्रकल्पाच्या नोंदणीचा) क्रमांक, बांधकाम परवानगीचा तपशील असतो. याचं महत्त्व असं की ठेकेदार हात वर करून निघून गेला, तरी ज्याने त्याला काम दिलं तो मुख्य मालकही भरपाईला जबाबदार धरता येतो. अर्जात दोघांनाही सामील करा. मजुरांचा विमा उतरवलेला असेल तर विमा कंपनीलाही. विमा आहे का, हे लेखी विचारा.

सोबत काम करणाऱ्यांची नावं, नंबर आणि गावाचा पत्ता लिहून घ्या. स्लॅब भरून झाला की ती माणसं पुण्याला किंवा गावाला निघून जातात आणि दोन वर्षांनी साक्षीला कोणी सापडत नाही.

कामाला होतो, हे कसं दाखवायचं

हजेरी वही ठेकेदाराकडे असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. फोनमध्ये शोधा. फोनपे किंवा गूगल पेवर आठवड्याची उचल आली असेल तर तो व्यवहार, आणि बँकेचं स्टेटमेंट. मुकादमाचा 'उद्या सकाळी ८ला ये, दोन बिगारी आण' असा व्हॉट्सॲप निरोप. साइटवर काढलेला सेल्फी. वाळू-सिमेंटच्या चलनावरची तुमची सही. यातलं एकटं काहीच पुरेसं नसतं, पण चार जुळले की मालकाला 'हा माणूस माझा नाहीच' म्हणणं कठीण जातं.

बायकांकडे हे चारही नसतात. पैसे नवऱ्याच्या खात्यावर, निरोप नवऱ्याच्या फोनवर, वहीत 'जोडी'. म्हणून हे काम अपघाताआधीच करायचं. आपलं नाव वहीत स्वतंत्र लिहायला सांगा आणि दर शनिवारी त्या पानाचा फोटो घ्या. उचल स्वतःच्या खात्यावर घ्या. घरात एक साधी वही ठेवून रोज तारीख, साइट आणि मजुरी लिहा. रोजच्या रोज लिहिलेली वही न्यायालयातही वजनदार ठरते.

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा, नवरा-बायको दोघांचीही, वेगवेगळी. वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट आहे. कामावर मृत्यू झाला तर वारसाला मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात आणि मुलांच्या शिक्षणाला साहाय्य वेगळं. ही मदत भरपाईच्या दाव्यातून कापली जात नाही. नोंदणीचं कार्ड हा कामाचा पुरावाही असतो.

हिशेब

मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायम व पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले गुणक. अंशतः अपंगत्वात, कमाईची ताकद जितके टक्के गेली तितका हिस्सा. गुणक ३० वर्षांना २०७.९८, ३५ला १९७.०६, ४५ला १६९.४४. मजुरी कितीही असली तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरली जाते, ही मर्यादा २०२०मध्ये ठरली.

आता दोन माणसं घ्या, दोघंही ३५ वर्षांची, दोघांचीही ३० टक्के ताकद गेलेली. मिस्त्रीला रोज ८०० आणि महिन्याला २६ दिवस धरले तर मजुरी मर्यादेपलीकडे जाते, म्हणून १५,००० धरून भरपाई ५,३२,०६२ रुपये. घमेली वाहणाऱ्या बाईला रोज ४०० धरले तर महिना १०,४०० आणि भरपाई ३,६८,८९६. इजा एकच, फरक १ लाख ६३ हजारांचा.

या फरकाचं मूळ शिक्षणात आहे. आमच्या आईने वीस वर्षं माल कालवून दिला. प्लास्टरचं प्रमाण तिला कुठल्याही मिस्त्रीइतकं कळायचं, पण थापी तिच्या हातात कोणी दिली नाही. मुलगा दोन वर्षं बिगारी राहतो आणि मिस्त्रीच्या हाताखाली गवंडी होतो, बाई मरेपर्यंत बिगारीच राहते. समान कामाला समान मजुरीचा हक्क १९७६पासून कायद्यात आहे, आता तो वेतन संहितेत आला, पण काम समान होऊच दिलं नाही तर तो कायदा कोणत्या बाईला लावायचा?

म्हणून माझं सांगणं आहे की कौशल्याचा कागद मिळवा. आयटीआयचा अभ्यासक्रम करता आला तर उत्तम. ज्यांचं शिकायचं वय गेलं असं घरचे म्हणतात, त्यांनी पूर्वानुभवाच्या आधारे कौशल्य तपासून मिळणारं प्रमाणपत्र घ्यावं. किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगळे असतात. मजुरीची पावती नसेल तेव्हा कुशल दर मागायला हे प्रमाणपत्र आधार देतं.

टक्केवारीबद्दलही जपा. अपंगत्व आणि कमाईची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. पण १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराचा दावा ऐकला. काम करताना पडून त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होतच नाही, म्हणून त्याची ताकद १०० टक्के गेली असं न्यायालयाने मानलं. डॉक्टरांकडून दाखला घेताना तुमचं काम नेमकं काय होतं ते लिहून घ्या: परांचीवर चढणं, भरलेलं घमेलं डोक्यावर, वाकून फरशी बसवणं.

दावा

मालकाला लगेच लेखी सूचना द्या, रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जपून ठेवा. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दावा दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे.

मधल्या काळात ठेकेदार वीस-पंचवीस हजार घेऊन घरी येईल आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा मागेल. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही, तरीही कोऱ्या कागदावर काही देऊ नका, कारण त्यावर पुढे 'मी तिथे कामालाच नव्हतो' असंही लिहिलं जाऊ शकतं. 'हेल्मेट घातलं नव्हतं' या बचावालाही घाबरू नका. दिलेली साधनं मुद्दाम टाळली असं मालकाला दाखवावं लागतं, आणि मृत्यू किंवा कायम पूर्ण अपंगत्व असेल तर तो बचाव चालतच नाही.

अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथेही दावा करता येतो. पुण्याच्या साइटवर पडलेल्या सोलापूरकराला तारखांसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कामगार यांना वकील मोफत मिळतो, फोनवर १५१००.

मृत्यूच्या दाव्यात मालकाने रक्कम न्यायालयातच भरायची असते. घरी आणून दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. पैसे वाटताना विधवेचा, अल्पवयीन मुलांचा, आईचा हिस्सा न्यायालय ठरवतं. तेव्हा दीर किंवा सासऱ्याच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक त्या दिवशी हातात असू द्या.