केळीभावाची एक ओळ स्क्रीनवर नीट कशी बसवावी

रावेर-यावलकडच्या शेतकऱ्यांसाठी रोजचा केळीभाव दाखवणारं अँड्रॉइड ॲप करायचंय, असं धरू. एका ओळीत गावाचं नाव, मग क्विंटलचा भाव, शेवटी फोन लावायचं बटण. ही ओळ जमली की पुढचे स्क्रीन सोपे जातात.

आधी वहीवर चौकटी काढा. आतली प्रत्येक चौकट म्हणजे व्ह्यू आणि त्यांना धरून ठेवणारी बाहेरची चौकट म्हणजे कंटेनर. आपले तिन्ही व्ह्यू शेजारीशेजारी आहेत, म्हणून लिनियरलेआउट (व्ह्यू एका रांगेत मांडणारा कंटेनर) घ्या आणि ओरिएंटेशन, म्हणजे रांगेची दिशा, हॉरिझॉन्टल (आडवी) ठेवा.

खरी गडबड रुंदीत होते. तिघांनाही रॅप कंटेंट, म्हणजे आतल्या मजकुराएवढीच रुंदी, दिलं तर ‘रावेर’ छान दिसतं. पण ‘अंतुर्ली, ता. मुक्ताईनगर’ आलं, त्यात कुणी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली असली, की नावच सगळी जागा खातं आणि बटण दिसेनासं होतं. म्हणून नावाची रुंदी 0 डीपी (अँड्रॉइडमधलं मापाचं एकक) आणि लेआउट वेट (उरलेल्या जागेतला वाटा) 1 द्या. भाव आणि बटण रॅप कंटेंटवरच राहू द्या. आता त्या दोघांची जागा आधी सुटते, उरलेली नावाला मिळते. नाव लांबलं तर दुसऱ्या ओळीवर उतरतं.

उंची कधीही ठरावीक आकड्यात बांधू नका. मराठीतल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात, आणि आपली भाषा अशी तुटलेली पाहवत नाही. अक्षरांचं माप एसपीमध्ये (डीपीसारखंच, पण फोनच्या अक्षरांच्या सेटिंगप्रमाणे वाढणारं एकक), बाकी सगळं डीपीमध्ये. 160 डीपीआयच्या (इंचाला 160 पिक्सेल असलेल्या) स्क्रीनवर 1 डीपी म्हणजे 1 पिक्सेल, 320 वर 2. बटण किमान 48 डीपीचं हवंच. केळीच्या चिकाने माखलेल्या हातानेही ते एका दाबात लागलं पाहिजे.

घडाच्या फोटोवर ‘आजचा भाव’ अशी पट्टी हवी असेल तर फ्रेमलेआउट, म्हणजे व्ह्यू एकावर एक ठेवणारा कंटेनर. त्यात नंतर लिहिलेला व्ह्यू वर येतो.

कंटेनरात कंटेनर असे तीन-चार थर व्हायला लागले तर कन्स्ट्रेन्टलेआउटकडे वळा; त्यात व्ह्यूची जागा बांधांनी ठरते, म्हणजे तो कडेला किंवा दुसऱ्या व्ह्यूला जोडून. तिथे प्रत्येक व्ह्यूला आडवा आणि उभा असा किमान एकेक बांध द्या. तो विसरलात तर एडिटरमध्ये सगळं जागेवर दिसतं, पण फोनवर व्ह्यू थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. जेटपॅक कंपोजमध्ये (कोडमधूनच स्क्रीन मांडायची अँड्रॉइडची पद्धत) हेच काम रो, कॉलम आणि बॉक्स करतात.

शेवटी घरातला सगळ्यात लहान स्क्रीनचा फोन घ्या, सेटिंगमध्ये अक्षरं सर्वात मोठी करा, यादीतलं सर्वात लांब नाव टाका आणि बटण दाबून बघा.