एकच टायर बदलण्याची चूक
सावद्याजवळ केळीच्या ट्रकला वाट देताना माझ्या ऑल-व्हील-ड्राइव्ह (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या) गाडीचा मागचा टायर खडीवर फाटला आणि मी तेवढा एकच नवा बसवला. उरलेल्यांच्या खाचा ४ मिमी खोल, नव्याच्या ८. त्यामुळे परिघात सुमारे २५ मिमी फरक पडून ते चाक सावकाश फिरे आणि सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाके जोडणारे कपलिंग घासून तापे. वळताना गाडी अडखळू लागली, तेव्हा खाचा मोजल्या आणि, खिशाला जड असले तरी, चारही टायर एकाच बनावटीचे घेतले. चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले. ८० किलोमीटरनंतर तपासले तेव्हा एक नट पाव फेरा सैल निघाला. हवा आता सकाळी, टायर थंड असतानाच भरतो. जळगावच्या मे महिन्यात दुपारचे माप फसवे असते.