पावसाआधी पंपखोलीचा बोर्ड उघडून बघा

गोराई-मनोरीच्या वाड्यांत सध्या माडांची आळी साफ करायची आणि वाफ्यांना चर काढायची घाई असेल. त्यातली एक सकाळ पंपखोलीतल्या बोर्डासाठी काढा. घरातून मागे नेलेल्या त्या एका वायरीवर आधी फक्त पंप होता. मग कडबाकुट्टी आली, पिल्लांचे बल्ब आले, पाणी तापवायचा रॉडही तिथेच लागला.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा खटका, कधी पडतो ते बघा. खटका वर करताच पडला, तर शॉर्ट. सगळं दहा-पंधरा मिनिटं चालून पडला, तर लोड जास्त. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, पडत असेल तर करंट कुठेतरी गळतोय. पंपाच्या केबलचा जोड आधी तपासा.

आता हिशोब. 1 एचपीचा पंप 6-7 अँपिअर घेतो, 2 एचपीची कुट्टी 11-12, 1500 वॅटचा रॉड साडेसहा, 100 वॅटचे चार बल्ब पावणेदोन. बेरीज 26 च्या आसपास जाते. 16 अँपिअरचा एमसीबी पडेल नाही तर काय!

तेव्हा 32 चा बसवायचा? मी बसवला होता. चार दिवस सुखाचे गेले, पाचव्या दिवशी जळका वास. मेन बंद करून वायरीवरची पट्टी उघडली तर 2.5 चौरस मिलीमीटरची वायर इतकी मऊ झालेली की कवच बोटाला चिकटलं. एमसीबी वायर वाचवायला असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

तूर्त कुट्टी चालू असताना पंप आणि रॉड बंद ठेवा, म्हणजे 16 मध्ये भागतं. पुढे लायसन्सवाल्या वायरमनकडून कुट्टीला वेगळी लाइन, मागे येणारी वायर जाड आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी करून घ्या. वीज कंपनीकडचा मंजूर भारही तपासा.

आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याचं दुखणं वेगळंच. तांब्यावर हिरवा थर चढतो, स्क्रू ढिले पडतात, जोड तापतो आणि मग कमी लोडवरही एमसीबी पडतो. वायरमन आलाच आहे तर न्यूट्रलचे स्क्रूही आवळून घ्या, काळी पडलेली टोकं कापून नवी करून घ्या. केबल पेटीत खालून घ्या, थोडी लोंबती ठेवून, म्हणजे पाणी बाहेरच ठिबकतं. उरलेली भोकं बुजवा, नाहीतर पाल तिथे मुक्कामाला येते.